खंडेनवमीनंतरचा काटा

खरं सांगतो, माझं डोकं तेव्हा फार लवकर तापायचं. आताही तापतं, पण आता ऐकून घेणारं कोणी नाही.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. साल नव्व्याण्णव. दोन हजार साल उजाडलं की जुने संगणक तारखा चुकतील, या धसक्यानं संचालक मंडळानं एकदाची यंत्रं बदलायला मंजुरी दिली, आणि बदलली तीही अर्धीच. उसाच्या वजनकाट्यावर युनिक्स, ऑफिसात विंडोज, स्टोअरला जुनं नॉव्हेल, अशा तीन तऱ्हेच्या प्रणाली, आणि सगळी यंत्रं एकाच जाळ्यात कोंबलेली. विंडोजवाली यंत्रं उठल्यासुटल्या "मी इथं आहे, तिथं कोण आहे?" अशी सगळ्यांना हाळी देत बसायची. त्या गलक्यात काट्याचं काम रखडायचं. म्हणून मी भांडून, सगळ्या यंत्रांच्या वायरी जोडायचा चोवीस भोकांचा एक महागडा स्विच आणवला आणि त्यात तीन व्हीलॅन पाडले. म्हणजे डबा एकच, पण आतून तीन वेगळी जाळी. कोणतं भोक कोणत्या जाळ्यातलं, हे मी आत ठरवून दिलेलं. काट्याची वायर काट्याच्याच भोकात हवी. शेजारच्या भोकात गेली की तिला तिचा सर्व्हर दिसणार नाही.

कोणती वायर कुठं, हे फक्त मला माहीत होतं. वायरींना चिठ्ठ्या नाहीत, भिंतीवर तक्ता नाही. विसरलो नव्हतो हो, मुद्दामच. पुण्याच्या एका कंपनीला सगळं काम द्यायचं घाटत होतं. माझ्यावाचून यांचं अडलं पाहिजे, एवढंच डोक्यात.

आमच्या विभागाचा शिपाई गोरक्ष. अकरा वर्षं हंगामी म्हणून राबला होता. त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं, तेव्हा त्यानं अख्ख्या विभागाला पेढे वाटले होते. एकच अट होती, हंगाम सुरू होईपर्यंत नावावर ठपका नको.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. मी ख्रिस्ती. त्या दिवशी दरवर्षी रजा टाकतो, कुणी काही म्हणत नाही. स्विचच्या कपाटाची किल्ली गोरक्षकडं दिली आणि राहात्याला घरी आलो.

पूजेसाठी बंद केलेली यंत्रं चार दिवसांनी, गाळप सुरू झालं तेव्हाच चालू झाली. उसाची पहिली मोळी टाकली, नारळ फुटले, आणि पहिलीच गाडी काट्यावर चढली तर पडद्यावर काहीच येईना. बघता बघता बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. बैलं मानेवर जू घेऊन उन्हात उभी, तोडणीच्या बायका लेकरांना घेऊन गाड्यांच्या सावलीत बसलेल्या, मुकादम माझ्या नावानं बोंबलतायत. मी युनिक्सवाल्याला फोनवर झाडला, काट्यावरच्या कारकुनाला झाडला. कपाट उघडून बघायचं सुचलं दुपारी एक वाजता.

स्विचवर हळदकुंकू. वर झेंडूचं फूल. आणि खाली सगळ्या वायरी एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारख्या शिस्तीत.

"गोरक्ष! कुणी हात लावला याला?"

"मीच, साहेब," तो धावत आला. "समद्या यंत्रांची पूजा झाली, तुमचंच तेवढं राहिलं हुतं. बरं दिसंना. धूळ लई बसल्याली. वायरी काढल्या, फडक्यानं पुसलं, कुंकू लावलं. आन् परत घालताना वळीनं घातल्या. आदी लई गुंता झाला हुता."

"अरे, अक्कल गहाण टाकलीस काय?" चार माणसांदेखत मी ओरडलो. पाऊण तासात मी वायरी जागेवर आणल्या आणि काटा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी संचालकांनी लेखी मागितलं, जबाबदार कोण? मी इंग्रजीत पानभर लिहिलं. गोरक्षनं विनापरवानगी छेडछाड केली, संपूर्ण जबाबदारी त्याची. तक्त्याबद्दल एक अक्षर नाही. त्याचं नाव यादीतून उडणार, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. लिहिलं तरी.

ज्याच्यावर ठपका, त्याला नक्कल द्यायची आणि त्यानं लिहिणाऱ्यापुढं मूळ कागदावर सही करायची, असा नियम. गोरक्ष तिसऱ्या दिवशी सकाळी नक्कल घेऊन माझ्या टेबलाशी आला. बँकेचा असो, दवाखान्याचा असो, त्याचा प्रत्येक इंग्रजी कागद मीच वाचून द्यायचो.

"साहेब, वाचून दावा की."

"काही नाही रे," मी म्हणालो. "काय घडलं तेवढंच लिहिलंय. तुझ्यावर काही नाही त्यात. कर सही."

त्यानं नक्कल टेबलावर ठेवली.

"जयमालानं काल वाचून दावलं, साहेब. माझी पोरगी, कालिजात हाय. तिला म्हनलं, तुझं कायतरी चुकतंय. साळवेसाहेब आसं लिवायचे न्हाईत. म्हनून तुमच्या तोंडून ऐकाया आलो." मग त्यानं पेन उचललं, एकेक अक्षर जोडत मूळ कागदावर सही केली आणि निघून गेला.

मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती. कागद घेऊन मी तडक वर गेलो आणि संचालकांपुढं तो फाडला.

"तक्ता मी ठेवला नव्हता. तुमचं माझ्यावाचून अडावं म्हणून. चूक माझी आहे."

त्यांनी तेच माझ्याकडून लेखी घेतलं. जानेवारीत पुण्याची कंपनी आली आणि मला आस्थापना विभागात कारकून म्हणून बसवलं. त्याचं दुःख नाही. गोरक्षचं नाव यादीत राहिलं.

मार्चमध्ये त्याचा कायम झाल्याचा हुकूम आला. आमच्याच खिडकीवरून वाटला, इंग्रजीतच होता. सही करून गोरक्षनं तो घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मी खुर्चीतून अर्धा उठलो, हातसुद्धा पुढं केला.

"नमस्कार, साहेब," तो म्हणाला. कागदाची घडी घालून त्यानं वरच्या खिशात ठेवली, बाहेर जाऊन सायकल काढली, आणि लेकीकडून वाचून घ्यायला घरी गेला.