क्लेटनच्या मुलाचा शब्द

गॉर्डन रस्टाडने सारा जन्म आयोवातल्या गाईगुरांना औषधं देण्यात घालवला. गोठ्याच्या दारातून नुसती नजर टाकून तो सांगायचा, कोणत्या वासराच्या अंगात ताप आहे ते. माणसांच्या बाबतीत त्याची पारख याहून सोपी होती. समोरचा मंडळाचा भाऊ असला, की त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचा.

मंडळ म्हणजे कॉलेजातलं बंधुमंडळ. दारावर ग्रीक अक्षरं लावलेलं विटांचं घर. पोरं तिथं एकत्र राहतात, शपथ घेऊन एकमेकांचे भाऊ होतात आणि केस पिकले तरी भाऊच राहतात. गॉर्डन शिकून त्याच गावात स्थायिक झाला, त्यामुळे मंडळाचा सल्लागार तोच. पोरं त्याला गॉर्डकाका म्हणत.

आणि भावांमधला भाऊ म्हणजे क्लेटन ब्रूनर. कॉलेजात असताना एका जानेवारीत गॉर्डनच्या वडिलांनी अंथरूण धरलं. बर्फाने रस्ते बंद, पोलीस गाड्या परत पाठवत होते. क्लेटनने कुठून तरी पिकअप पैदा केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून, भुवयांवर बर्फ गोठेपर्यंत ती गॉर्डनच्या घरापर्यंत हाकली. वडिलांनी डोळे मिटायच्या आधी गॉर्डन पोचला. पुढे क्लेटन डे मॉइन शहरात विम्याच्या धंद्यात बडा माणूस झाला, पण या गोष्टीचा उच्चार त्याने कधी केला नाही. त्याचा मुलगा ग्रिफिन आता मंडळाचा अध्यक्ष होता.

कोरोना आला आणि घराची रया गेली. निम्मी पोरं गावी गेली, उरलेली खोल्यांत कोंडून बसली. गॉर्डनने जुन्या भावांना कामाला लावलं. कुणी घरचं जेवण करून पायरीवर ठेवून जाई, कुणी संगणकाच्या पडद्यावरून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेई. गॉर्डन स्वतः मात्र उंबरा ओलांडत नसे. बायको जोलीन न्यूमोनियातून उठली होती आणि तिची फुप्फुसं तेव्हापासून अधूच होती.

ऑक्टोबरात ग्रिफिनचा फोन आला.

"गॉर्डकाका, नव्या पोरांची दीक्षा करायचीय. मंडळाचं मुख्य कार्यालय म्हणतं, सल्लागार समोर हवा, नाहीतर ती ग्राह्य धरणार नाही. आणि यंदा नवी पोरं नाहीत, तर मंडळाला टाळंच."

"ग्रिफ, तुझ्या काकूची तब्येत तुला ठाऊक आहे."

"सगळ्यांच्या तपासण्या झाल्यात. सगळ्या निगेटिव्ह. माझा शब्द."

गॉर्डनने जोलीनकडे पाहिलं. ती स्वेटर विणत होती. "जा ना," ती म्हणाली. "क्लेटनचं पोर आहे. आपल्याशी कशाला खोटं बोलेल?"

तो गेला. तळघरात मेणबत्त्या, खुर्च्या लांब लांब, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. शपथ मात्र उघड्या तोंडाने घ्यायची रीत, म्हणून पोरांनी मास्क उतरवले. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. खोल, छातीतून आलेला खोकला.

"कोण रे ते?"

"ब्रेडी. मक्याच्या कापणीची धूळ, काका. दर वर्षी होतं त्याला."

कापणीच्या दिवसांत अर्धी आयोवा खोकते. गॉर्डनने मान डोलावली. वासरू असतं तर जिना चढून वर गेला असता.

आठवडा उलटायच्या आत त्याला कणकण आली. ती गेली, पण जोलीनला जे धरलं, ते सुटेना. इस्पितळाच्या दारात तिची चाकाची खुर्ची आत नेली आणि त्याला बाहेरच थांबवलं. नंतर नर्स आत फोन धरी आणि त्याच्या पडद्यावर नळ्यांमागची जोलीन त्याला दिसे.

अशातच नव्या पोरांपैकी एकाचा, एमेटचा, फोन आला. काकू कशा आहेत विचारता विचारता त्याने सांगूनच टाकलं.

"काका, ब्रेडीची तपासणी तेव्हाच पॉझिटिव्ह आली होती. मी म्हटलं होतं ग्रिफिनला, तुम्हाला सांग म्हणून. त्याने वडिलांना विचारलं. ते म्हणाले, उरकून घ्या, गॉर्डीला मागून सांगू."

गॉर्डनने फोन ठेवला आणि लगेच क्लेटनला लावला. पोराच्या ऐकण्यात चूक झाली असावी, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

"क्लेट, तुला ठाऊक होतं?"

पलीकडे सुस्कारा. "आजारी पोरगा वर होता रे, कोंडलेला. तुम्ही खाली. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय. तू तर खेचरासारखा दणकट."

"जोलीन नाहीये दणकट. आमच्या लग्नात तू माझ्या शेजारी उभा होतास. ती आजारी होती तेव्हा फुलं पाठवलीस."

"चुकलो, गॉर्डी. शंभरदा चुकलो. पण आता ऐक. कॉलेजच्या डीन चौकशी करताहेत. ग्रिफला कायद्याच्या कॉलेजात जायचंय. तू एवढंच सांग, की तुला कल्पना होती आणि तू आपल्या मर्जीने आलास."

गॉर्डनने जोलीनच्या अर्धवट विणलेल्या स्वेटरकडे पाहिलं.

"गॉर्डी? अरे, त्या बर्फात मी जिवाची पर्वा केली नव्हती तुझ्यासाठी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा क्लेटनच्या तोंडून ती रात्र निघाली होती. गॉर्डनला एकदम थंडी वाजली. आता वडिलांचा शेवटचा चेहरा आठवला, की पाठोपाठ हे वाक्यही आठवणार.

"ती रात्र नको होती काढायला, क्लेट," तो म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

डीनबाईंना त्याने होतं तसं सांगितलं, स्वतःच्या दुर्लक्षासकट. मंडळावर बंदी आली, ग्रिफिनला कॉलेजातून काढलं. जुन्या भावांची संगणकाच्या पडद्यावर सभा भरली. ज्यांच्या पोरांच्या पदवीला, आईबापांच्या मयताला गॉर्डन हजर राहिला होता, तेच त्याला घरभेदी म्हणाले. "जरा दम धरायचास," एक म्हणाला, "आपल्यातच मिटवलं असतं." जोलीनची चौकशी एकानेही केली नाही. क्लेटनच्या चौकोनात नुसतं नाव होतं. कॅमेरा त्याने बंद ठेवला होता.

जोलीन नाताळाआधी घरी आली, नाकाला प्राणवायूची नळी लावून. चर्चच्या गायनातली तिची जागा गेली, जिना चढणं गेलं. एकदा ग्रिफिन आला आणि फाटकाजवळच्या बर्फात उभा राहिला.

"बाबा म्हणाले होते, काका समजून घेतील."

"मला विचारलं असतंस, तर मी मुख्य कार्यालयाशी भांडलो असतो रे तुमच्यासाठी."

पोरगा रडला. गॉर्डनने त्याला रडू दिलं, पण आत ये म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मंडळातला एक भाऊ वारला, तेव्हा दफनभूमीत क्लेटन समोर आला. वाळला होता. त्याने हात पुढे केला. गॉर्डनने तो पाहिला, टोपी डोक्यावर ठेवली आणि गाडीकडे निघाला.

"भेटला का?" घरी जोलीनने विचारलं.

"भेटला."

"आठवण येते ना त्याची?"

"रोज," गॉर्डन म्हणाला, आणि तिच्या नळीला पडलेला पीळ सोडवू लागला.