रिपोर्ट येईपर्यंत

दुबईला जायचं म्हटल्यावर बाबा नाही म्हणाले नाहीत, तिथेच मला शंका यायला हवी होती. आमचे बाबा, रावजी, म्हणजे भांडुपला माझ्या घरी चार दिवस या म्हटलं तरी गुरं कोण बघणार, भात कोण झोडणार, मांजरीला दूध कोण घालणार इथून सुरुवात करणारा माणूस. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची लहानशी वाडी आहे. आई गेल्यापासून तिथे ते एकटेच राहतात. दोन हजार एकवीसच्या दिवाळीत मी त्यांना फोन करून जानेवारीत विमानात बसवतो म्हणालो, तर म्हणाले, "जाव की. सगळी जानार ना? अक्षय पन?"

"सगळी जाणार."

"मग जाव."

अक्षय माझा धाकटा भाऊ. पुण्याकडे चाकणला नोकरी करतो, चाळिशीला टेकला तरी लग्नाचं नाव काढत नव्हता. आम्ही दोघं भाऊ एका ताटाला बसलो असं शेवटचं कधी घडलं ते दोघांनाही आठवत नव्हतं. मला विचाराल तर दुबईत मला काडीचा रस नव्हता. तिथल्या उंच इमारती मला फोनवर दिसतात तेवढ्या पुरे होत्या. पण गावाला चल म्हटलं की अक्षयला सुट्टी मिळत नाही, माझ्या लेकीला, सेजलला, क्लास असतो, आणि माझंही ऑफिस आडवं येतंच. परदेश म्हटल्यावर मात्र सगळ्यांना लगेच सुट्ट्या मिळाल्या.

तिकिटं काढायचं काम मी सुहासला दिलं. सुहास पोलादपूरच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता महाडला त्याचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. जुलैच्या पुरात ते ऑफिस पार बुडालं होतं. नव्या टेबलाला अजून रंगाचा वास येत होता आणि भिंतीवर छताखाली पाण्याची रेघ तशीच होती, पण गडी दुबईचे नियम असे सांगायचा की जणू तिथल्या राजाने त्याला विचारूनच केलेत. निघायच्या आधी अठ्ठेचाळीस तासांत एक टेस्ट, मुंबईच्या विमानतळावर पुन्हा एक, तिकडे उतरल्यावर तिसरी. त्यात डिसेंबरात नवा विषाणू आला आणि बुधवारी सांगितलेला नियम शुक्रवारी बदलायला लागला.

"अरे, एकदा काय ते ठरवा!" मी फोनवर ओरडलो.

"माझ्यावर काय ओरडतोस भरत? मी काय तिकडचा शेख हाय?" सुहास म्हणाला.

दर रविवारी मी हे सगळे नियम बाबांना फोनवर वाचून दाखवायचो. त्यांनी कधी कंटाळा केला नाही. उलट एका रविवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "आनि आपल्यातला एकादा पॉझिटिव्ह निघाला तर?"

"तर अडकलो. दहा दिवस खोलीतनं बाहेर सोडत नाहीत."

"एकट्याला काय सगळ्यांना?"

"सगळ्यांनाच, बाबा. म्हणून तर सांगतोय, मास्क लावा, बाजारात उगाच जाऊ नका."

"आनि तुमच्या नोकरीचं?"

"नोकरीचं काय? साहेबाला कळवायचं, अडकलो म्हणून. तो तरी काय करणार?"

"बरं, बरं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तवा झालं व्हतं तसंच म्हनायचं."

तेव्हा म्हणजे लॉकडाऊनला. फोन ठेवला तरी मला तेच दिवस आठवत राहिले.

पहिल्या लॉकडाऊनच्या मे महिन्यात ई-पास काढून आम्ही गावी गेलो, तेव्हा वाडीच्या वाटेवर बांबू आडवा बांधलेला होता आणि पलीकडे तोंडाला उपरणं गुंडाळून दस्तुरखुद्द आमचे बाबा उभे होते. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत राहायचं असा गावाचा नियम होता. मी भडकलो. पोरगी उन्हात उभी आहे, बायको दमलीय, स्वतःच्या घरात शिरायला परवानगी कसली, असं बरंच बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बांबू न उचलता शाळेची वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी अक्षय आला, त्यालाही तोच बांबू.

शाळेचे दोन वर्ग. एकात मी, माझी बायको स्नेहल आणि सेजल, दुसऱ्यात अक्षय. बाबा दोन्ही वेळचं जेवण पायरीवर ठेवायचे आणि लांब आंब्याखाली जाऊन बसायचे. पहिले दोन दिवस "जेवलाव?" आणि "जेवलो" एवढंच. मग कोणालाच दुसरं काही काम नसल्यामुळे बोलणं सुरू झालं. बाबा तरुणपणी परळला एका खानावळीत भांडी घासत होते आणि मालकाने शिवी दिली म्हणून पगार न घेताच पळून आले, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर ते दुखरा पाय शेकायला गेले होते, तिथे आई तिच्या आजीला अंघोळीला घेऊन आली होती, आणि त्यानंतर पाय बरा झाला तरी ते महिनाभर लंगडत सवला जात राहिले, हेही तिथेच कळलं. सेजल खिडकीच्या गजांना नाक लावून विचारायची, "मग पुढे?" बाबा म्हणायचे, "म्होरं तुझा बाप झाला," आणि आम्ही दोन्ही वर्गांत हसायचो.

शाळेतून घरी आलो आणि थोड्याच दिवसांत निसर्ग वादळ आलं. अर्ध्या घराची कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले, आणि महिना उलटला तरी वीज आली नाही. मी आणि अक्षय छपरावर, बाबा खाली उभे राहून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत, असं करत आम्ही घर शाकारलं. मग हात आहेतच तर म्हणून कित्येक वर्षं पड राहिलेल्या खाचरांतही भात लावला. माझी कंबर मोडली. फोन बंद पडलेले, त्यामुळे दिवेलागणीला सगळी ओटीवर. स्नेहल चुलीवर भाकऱ्या करायला शिकली आणि तिच्या पहिल्या भाकरीला बाबांनी "गो, ही कौल म्हनून वर लाव" असं सर्टिफिकेट दिलं.

माणसं मरत होती. भांडुपला आमच्याच मजल्यावरचे दोघे गेले. त्यामुळे ते दिवस चांगले होते असं तोंडाने म्हणायची मला आजही लाज वाटते, पण ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. गणपती झाले, ऑफिसं उघडली, अक्षय गेला, मागोमाग आम्ही गेलो. त्यानंतर गावाला जायचं म्हणजे शनिवारी रात्री पोचायचं आणि रविवारी जेवून निघायचं, परत तेच सुरू झालं.

जानेवारीत बाबांना न्यायला आम्ही सगळे गावी गेलो. टेस्टही सुहासने महाडलाच ठरवली होती, कारण गावदेवीला नारळ दिल्याशिवाय बाबा मुंबईची वाट धरायला तयार नव्हते. लॅबमधल्या मुलीने नाकात काडी घातली तर बाबा एवढ्या जोरात शिंकले की ती खुर्चीसकट मागे सरकली. संध्याकाळी आम्ही गावदेवी सोमजाईच्या देवळात उभे राहिलो.

आमच्याकडे गाऱ्हाणं गुरव घालतो, पण मागणं ज्याचं त्याने आपल्या तोंडाने बोलायचं असतं. आणि त्या दगडापुढे उभं राहून पोटात एक, ओठांत एक असं आमच्या वाडीत अजून कोणी केलेलं नाही. दीपक गुरवाने नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली.

"आई सोमजाय, हा तुझा रावजी आज पोरं-नातवंड घेऊन समिंदराच्या पल्याड दुबय देशी निघालाय. वाटंतला काटाकुटा दूर कर. इमान चालवनाऱ्याची नजर नीट ऱ्हाव दे..."

"होय देवा," आम्ही म्हणालो. सेजलला हसू आवरत नव्हतं.

"आनि आज जो काय तपास केलाय, त्याचा रिपोर्ट... रावजीकाका, ह्ये तुमी बोला."

बाबांनी हात जोडले आणि ते गप्प उभे राहिले. मला वाटलं, शब्द विसरले. मीच त्यांना गाडीत दोनदा पढवलं होतं. मी हळूच म्हणालो, "बाबा, निगेटिव्ह."

"ठावं हाय रे," बाबा म्हणाले. मग देवीकडे बघत म्हणाले, "आई, निगेटिव्ह येव दे असं बोलायला पोरानं शिकवलंय. पन तुज्याम्होरं खोटं कसं बोलू? ह्यांना अडकव. ताप नको, खोकला नको, कुनाच्या जिवाला काय व्हायला नको. हितं अडकव नायतर तिकडं अडकव, पन धा-पंधरा दिस सगळ्यांना एका जागी अडकव. दुसरं काय नाय मागत."

दीपकने नारळ वर धरला होता तो तसाच राहिला. मागणं झालं की बाकीच्यांनी "होय देवा" म्हणायचं असतं, नाहीतर नारळ फुटत नाही. स्नेहल खाली बघत होती, अक्षय माझ्याकडे बघत होता. माझ्या डोक्यात तीन टेस्ट, पाच तिकिटं आणि सुहासचा चेहरा गरगरत होता.

"होय देवा," सेजल म्हणाली. ती आता हसत नव्हती. दीपकने नारळ फोडला.

वाटेत मी बोललोच. "बाबा, काय हे? तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत. तीन महिने मी सगळ्यांच्या मागे लागून हे जमवलंय, आणि तुम्ही देवीला सांगता अडकव म्हणून? आम्हाला सांगायचं होतं ना, राहा म्हणून!"

बाबा पुढे चालत होते. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"तुला सांगतो की," ते म्हणाले. "दर गनपतीला सांगतो, दर शिमग्याला सांगतो, दोन दिस ऱ्हावा म्हनून. देवीला ह्या टायमालाच पैल्यांदा सांगितलं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं.

सकाळी सुहासचा फोन आला. "पाचही निगेटिव्ह! बॅगा उचला." मी बाबांना सांगितलं. ते नव्या बुटांच्या नाड्यांशी झटापट करत होते. "बरं झालं," म्हणाले, आणि दुसरा बूट उचलला.

मुंबईच्या विमानतळावरची टेस्टही पार पडली. विमानात बाबांनी खिडकी धरली आणि दुबई येईपर्यंत सोडली नाही. उतरल्यावर पुन्हा नाकात काडी. मग हॉटेलवाल्याने हात जोडून नियम सांगितला, की रिपोर्ट फोनवर येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोन तासांत येईल, कदाचित सकाळही उजाडेल, त्याच्या हातात काही नाही.

मधे दरवाजा असलेल्या दोन खोल्या होत्या, पण सगळे आमच्याच खोलीत जमले. काचेबाहेर दिव्यांचा नुसता लखलखाट होता. सेजल बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसली, म्हणजे रिपोर्ट आला की पळता येईल. स्नेहलने घरून आणलेल्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढली. बाबा गालिच्यावर मांडी घालून बसले, पलंगाला पाठ टेकली आणि अक्षयला म्हणाले, "बोल. तुजं काय चाललंय?"

अक्षयने इकडेतिकडे बघितलं. उठून जायला जागाच नव्हती. भाकरीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "एक मुलगी आहे. सोनाली. आमच्या कंपनीतच आहे."

खोलीत एकदम गलका झाला. सेजलने किंचाळून बूट काढून फेकले. बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"गाव कुटलं?"

"शिवथर."

"शिवथर? आरं लेका, महाडाच्या पोरीचं नाव सांगायला दुबयला आलास व्हय?"

अक्षय हसता हसता लाल झाला. मग बाबांनी वाडी विचारली, बापाचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, आणि त्या आजोबांकडून आपण एकदा बैल घेतला होता आणि तो कसा मारका निघाला ते सांगायला लागले. सेजल त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. स्नेहल डोळे पुसत हसत होती. नेटवर्क नीट यावं म्हणून मी खिडकीपाशी उभा होतो, तेव्हा हातातला फोन थरथरला. पाच नावं, पाचांपुढे निगेटिव्ह. आम्हाला बाहेर पडायची मुभा होती.

बाबांनी बैलाची गोष्ट मधेच थांबवली आणि वर बघितलं.

"आला काय रे रिपोर्ट?"

मी फोन खिशात टाकला.

"नाही अजून," मी म्हणालो. "सकाळच होईल आता."

"मग उभा कशाला?" बाबा म्हणाले, आणि सरकून त्यांनी मला शेजारी जागा केली.