खिडकीकडचा गाल

आमची ही बस चालवते. इतकी वर्षं एकाच बाजूनं ऊन खाऊन तिचा खिडकीकडचा गाल काळवंडलाय, दुसरा जसाच्या तसा. मी शिंपी. दोन बाह्यांचा रंग जुळला नाही तर गिऱ्हाईक मला फाडून खाईल, पण बायकोच्या गालांबद्दल बोलायची माझी काय बिशाद!

लेक बोलली. परगावी नोकरी लागल्यावर पहिल्याच सुट्टीत आईसाठी व्हिटॅमिन सीचं सीरम घेऊन आली. "सकाळी तोंड धुऊन, पुसून चार थेंब लाव. वर क्रीम, त्यावर सनस्क्रीन. बास! आणि बाटली उन्हात ठेवू नकोस."

"बरं गं बाई," ही म्हणाली. लेकीची पाठ फिरताच बाटली शोकेसमध्ये गेली.

आमच्याकडे चांगली वस्तू वापरत नाहीत, मांडतात. शोकेस खिडकीसमोर, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. "अगं, उन्हात नको म्हणाली ना ती?" मी म्हटलं.

"तुम्ही तुमचं मशीन चालवा."

मी चालवलं.

परवा लेक न कळवता टपकली. हिनं चटकन शोकेसला पाठ लावली.

"लावतेस ना गं?"

"रोज!"

लेकीनं गाल न्याहाळला. "फरक पडलाय." माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून मी वाचलो.

"पहिली संपत आली असेल म्हणून दुसरी आणलीय," म्हणत तिनं आईला बाजूला केलं. आत बाटली उन्हानं चहाच्या रंगाची झालेली, बूचसुद्धा न उघडलेली. शेजारी तिनंच दिलेलं अत्तर, हातमोजे, सगळं लेबलासकट. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"माझं दिलेलं काहीच आवडत नाही का गं तुला?"

हिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं वेडे, वापरलं की संपतं. तू तिकडे. मग इथं काय राहील माझ्याजवळ?"

लेकीनं आईला तोंड धुवायला लावलं, नव्या बाटलीतले थेंब स्वतःच्या हातानं गालावर लावले. "ही संपली की फोन कर. पुढची मी स्वतः घेऊन येईन."

तेव्हापासून ही रोज सकाळी बाटली हातात घेऊन किती उरलंय ते बघते. आधी स्वतःला लावते, मग मला हाक मारते. माझे दोन्ही गाल चांगलेच होते. पण मी मुकाट्यानं तोंड पुढे करतो.