नाकवाला एक

दोन जुन्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून शिकागोहून आलेल्या डिटेक्टिव्हने बाबांना विचारलं, "यातला सात कुठला?"

मी ते पोलिशमध्ये सांगितलं. हार्टफर्डच्या या कारखान्यात बाबांना अठरा वर्षं झाली होती, पण इंग्रजी म्हणाल तर आकडे आणि 'येस', 'नो', 'शुअर'. वरच्या कचेरीत त्यांना बोलावलं की टायपिंग सोडून मलाही उठावं लागे.

बाबांचं काम बंदुकांवर नंबर ठोकायचं. एका हातात पोलादी ठसा, दुसऱ्यात हातोडी. बंदूक खोक्यात गेली की तिचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा आणि कचेरीतला कारकून तो वहीत उतरवायचा. एकोणीसशे एकवीस साली त्यांनी अशा हजारो टॉमी बंदुका, म्हणजे हातात धरायच्या मशीनगन, हातावेगळ्या केल्या. खंदकात घुसून शत्रूला झाडून काढायला म्हणून ती बनवली होती. माझा भाऊ बोलेक फ्रान्समधल्या खंदकातच मारला गेला. बंदूक तयार झाली तोवर लढाईच संपली होती. "जरा आधी झाली असती तर," एवढंच बाबा म्हणायचे.

पुढे सैन्याला ती नको झाली, खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली, आणि ती आवडली कुणाला, तर चोरटी दारू विकणाऱ्या टोळ्यांना. पेपरात रोज तिचं नाव. चर्चबाहेर लोक बाबांना विचारत, "काय इग्नात्सी, गुंडांचं दुकान कसं चाललंय?" बाबा टोपी उचलून पुढे जात. माझं मात्र डोकं फिरे.

आता शिकागोत तिघांचा खून करून कुणीतरी फेकून दिलेली एक बंदूक सापडली होती, नंबर ६७३७. आमच्या वहीत हा नंबर दोनदा होता आणि ६७३१ कुठेच नव्हता. त्यातली एक नोंद वेबर नावाच्या हार्डवेअरवाल्याची, म्हणून तो चार महिने कोठडीत. आपली बंदूक दुकानाच्या आगीत गेली असं तो सांगत होता, पण ऐकतो कोण?

आम्ही पोलिश लोक एकचा आकडा काढतो त्याला वर लांब नाक असतं आणि साताच्या कमरेला पट्टा. अमेरिकनांचा एक म्हणजे नुसती काठी. नाक दिसलं की ते सात समजतात.

बाबांनी एकदाच पाहिलं. "हा सात. आणि ह्या वेबरच्या चिठ्ठीवरचा, हा माझा एक."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅनेजर हॅले साहेब माझ्या कानाशी आले. अमेरिकन आकडे काढायला याला दोनदा बजावलं होतं, चूक याची ठरली तर ठेवता येणार नाही, म्हणाले. आठ वर्षांपूर्वीचं आठवत नाही म्हणाला तर कोण दोष देणार?

मी डिटेक्टिव्हला सांगितलं, "ते म्हणतात, नक्की सांगता येत नाही." आजही ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते.

डिटेक्टिव्हने पेनाला टोपण लावलं. बाबांनी ते टोपण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वेबरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून ते स्वतःच म्हणाले, "वन." आणि मग, "शुअर."

मग माझ्याकडे वळले. "हांका, मी काय आठवून सांगतोय का? वाचून सांगतोय. तो माणूस तिकडं आत बसलाय. नीट सांग यांना."

मी नीट सांगितलं. जबाब लिहून झाला, बाबांनी सही केली. खाली तारीखही त्यांनीच घालायची होती, अकरा जून. "निदान तारीख तरी आमच्यासारखी घाल म्हणावं," हॅले साहेब करवादले.

मी ते सांगितलं, तरी बाबांनी लांब नाकाचे दोन एक शेजारी शेजारी काढले, अगदी सावकाश. "वेगळे काढले तर वर लिहिलंय ते खोटंच ठरंल की," म्हणाले, आणि ठशांची पेटी फोरमनच्या ताब्यात द्यायला खाली गेले.

त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र दुपारी टाइप करायला माझ्याच टेबलावर आलं. मी ते एकही चूक न करता टाइप केलं.