पेवाचं तोंड

सरुबाईच्या उसाच्या कडेनं पाण्याची पाइपलाइन जायची होती. चारी खणताना मातीत जुनं काही निघतंय का, ते बघायला पुण्याहून वैदेही आली होती. मशीननं थर काढला की ती वाकून खापरं वेचायची, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची.

"आमच्यात फुटलेलं उकिरड्यावर टाकत्यात," सरुबाई चहा देताना म्हणाली, "तुमच्यात त्याला पगार मिळतो व्हय?"

वैदेही खळखळून हसली. पोर गुणाची होती, स्वतःचा कप विसळून द्यायची.

त्या दिवशी मशीनची बकेट खचकन आत गेली आणि चारीच्या तळाला माणूस मावेल एवढं भोक पडलं. जमिनीत धान्य साठवायचं जुनं पेव. वैदेहीनं मशीन थांबवलं, भोवती लाल फीत बांधली, कुणी जवळ जायचं नाही म्हणून बजावलं आणि साहेबांना कळवायला रेंज शोधत रस्त्याकडं गेली.

सरुबाईचा थोरला मानसिंग फितीकडं बघत बसला. "आये, खापरापायी कुणी मशीन थांबवतं का? सोनं हाय तितं."

"सोनं असतं तर तुझ्या आज्यानं ठिवलं असतं? आन् पेवात लगेच उतरत न्हाईत. आतली हवा माणूस खाती."

हे त्यालाही ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच असतं. पण ती कपबशा घेऊन वळली आणि हा फितीखालून आत.

"मानसिंग!"

ती पळत येऊन भोकावर वाकली. तळाला मोबाइलची बॅटरी चालू होती. शेजारी मानसिंग कुशीवर, दुपारी ओसरीत निजतो तसाच.

धाकटा युवराज पळत आला. सरुबाईनं मागनं त्याचा शर्ट धरला.

"सोड आये, दादा मरंल!"

"तू बी मरशील." हे आपणच बोललो, यावर तिचा विश्वास बसेना. शर्ट टरकला तशी तिनं त्याच्या कमरेला मिठी घातली आणि मातीत बसकण मारली. एक पोर खाली गुदमरतंय आणि आपण दुसऱ्याला अडवतोय. 

वैदेही धावत आली, आत बघून पांढरीफटक पडली. "कुणी उतरू नका! आत हवा सोडा, काहीही करून!"

बांधापलीकडं संभाजीराव डाळिंबं फवारत होते. ते पाठीवरचा ब्लोअर घेऊन उसातनं घुसले, औषध ओतून दिलं आणि नळी पेवात घातली. वैदेहीनं डब्यात चिंधी पेटवून दोरीनं खाली सोडली. विझली. पुन्हा हवा, पुन्हा चिंधी. ती विझली. तिसऱ्या खेपेला जळत राहिली.

"मावशी," वैदेही हळूच म्हणाली, "आता सोडा त्याला."

इतका वेळ धरून ठेवलेलं पोर आता तिनंच सोडायचं. म्हशीच्या दाव्याला मारतात तशी पक्की गाठ तिनं त्याच्या काखेखाली मारली. मशीनवाला आणि संभाजीराव दोर धरून होते, तरी टोक तिनं आपल्या हाताला गुंडाळलं. युवराज दुसरा दोर घेऊन उतरला. ब्लोअरच्या आवाजात खालचं काही ऐकू येईना.

दुसरा दोर हलला. आधी मानसिंग वर आला, ओठ जांभळे, मान लुळी. वैदेहीनं सगळ्यांदेखत त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरला. एरवी महिनाभर पुरला असता गावाला तो विषय. सरुबाईनं तिकडं पाहिलंच नाही. दुसरा अजून खाली होता.

युवराज वर आला, तेव्हाच मागं मानसिंग खोकला. त्याची मूठ उघडली. कोळशागत काळी ज्वारी मातीत सांडली. वैदेहीनं त्या दाण्यांकडं पाहिलं, पण पिशवी काही काढली नाही. ती रडत होती.

"सोनं हाय व्हय रं, मुडद्या?" सरुबाई म्हणाली. 

"आये, दोर सोड की आता," युवराज म्हणाला.

"सोडती," ती म्हणाली. बोटं उघडेनात.