विहिरीत उतरलेली चहाची गाळणी

ठेचलेलं आलं.

बादलीभर मासे, जे कुठेतरी सोडायचेच आहेत.

'सर्व्हे' हा शब्द.

पांढरं काहीतरी, तांदळाच्या कणीएवढं, डोळे नसलेलं.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध एवढाच की हे सगळं माझ्यात पडलं. काही खाली गळलं, काही वर राहिलं. मी एक जुनी गाळणी आहे. कापडाची, चहाची. माझ्या मध्यावर एक भोक आहे, त्यामुळे सांगता सांगता काही गळून गेलं तर सांभाळून घ्या.

जुन्नरच्या बाजारात मांजरपाटाच्या एका ठाणातून माझा जन्म झाला. माझी सख्खी भावंडं पायजमे झाली. मला तारेच्या कड्यात बसवून आळेफाट्याला वलीभाईंच्या हॉटेलात पाठवलं. नाशिकचे आणि नगरचे ड्रायव्हर माझ्यातून गाळलेला चहा प्यायचे आणि म्हणायचे, "वलीभाई, चहा लई भारी." गाळणी लई भारी, असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. कदाचित ते भोकातून गेलं असेल.

एके दिवशी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे रत्नदीप सर हॉटेलात आले. जमिनीखालच्या पाण्यात, खडकांच्या फटींत काही जीव राहतात. तिथे कायमचा अंधार, म्हणून त्यांना डोळेच नसतात. त्यातला एखादा तर एवढ्याशा टापूतच सापडतो. असे जीव शोधायला सर जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या विहिरी पाहत फिरत होते. पण पुण्याहून आणलेली त्यांची जाळी त्या सकाळी विहिरीच्या दगडाला अडकून फाटली होती.

"वलीभाई, ही गाळणी द्याल?"

"घरी चहा टाकणार का सर?"

"विहिरीत सोडायचीय. किडे धरायला."

वलीभाईंनी मला झटकून त्यांच्या हातात दिलं. "न्या. पण परत आणून देऊ नका. आन गिऱ्हाइकांना सांगू नका, गाळणी कुठं गेली ते."

सरांनी माझ्या भोकाखाली खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली बांधली, गळेल ते तिच्यात पडावं म्हणून; कडेला वजन लावलं आणि मला दोरीने खाली सोडलं. मित्रांनो, उकळत्या चहानंतर थंडगार विहीर म्हणजे काय, ते मला विचारा. तळेघर गावच्या विहिरीत नुसता गाळ मिळाला. इतर ठिकाणी बेडूक मिळाले, आणि माझ्या आल्याच्या वासावर ते नाराज दिसले.

मढ गावच्या विहिरीवर फुलाबाई पाणी भरत होत्या. सर म्हणाले, "मावशी, जरा सर्व्हे करायचाय."

फुलाबाईंनी हंडा खाली ठेवला आणि त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. "कुणाच्या जमिनीचा?"

"जमिनीचा नाही, विहिरीचा."

"आंबेगावलाबी आदी सर्व्हेच आला व्हता. मंग धरण आलं. माझं म्हायेर पाण्याखाली हाय. आला तसं जावा, पावणं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, मी पाणी गाळायला आलोय."

"मंग तसं सांगा की." फुलाबाई उठल्या. "गाळा."

आणि त्याच विहिरीत तो सापडला. पांढऱ्या जाळीत पांढरा जीव कुणाला दिसला असता? माझ्या चहाच्या डागांवर मात्र तो लखलखीत उठून दिसला. माझ्या आयुष्यातलं एवढं एकच कौतुक मी स्वतः करते. पुढे सरांनी आसपासच्या सगळ्या विहिरी गाळल्या. तो आणखी कुठेही मिळाला नाही.

(इथे भोक आहे. मधले बरेच महिने गळाले.)

आम्ही पुन्हा मढला गेलो, तेव्हा विहिरीपाशी ग्रामपंचायतीचा शिपाई कुंडलिक बादली घेऊन उभा होता. भोवती पाण्याला आलेली माणसं होती, त्यांत फुलाबाईही. बादलीत गप्पी मासे होते. डासांविरुद्धची मोहीम होती. हे मासे डासांची पिल्लं खातात, आणि माझ्या पांढऱ्या मंडळींना त्यांनी चटणीसारखं तोंडी लावलं असतं.

सर घाईघाईने म्हणाले, "थांबा. हा जीव जगात दुसरीकडे कुठेच नाही. फक्त तुमच्या विहिरीत आहे."

त्यांना वाटलं, सगळ्यांची छाती फुगेल.

"म्हंजी किडं फकस्त आमच्याच पाण्यात?" कुंडलिक म्हणाला. "खालच्या गावाचं पाणी चोख?"

"अहो, ही अभिमानाची गोष्ट आहे."

"खालच्या गावानं ऐकलं तर आमाला पोरी द्यायचं बंद करतील, राव. मासं ऱ्हाऊ द्या, मी ब्लिचिंग पावडरीचं पोतंच आणतो."

सर निसर्गाबद्दल बरंच बोलले. ते सगळ्यांमधून माझ्यातल्या चहासारखं आरपार गेलं.

तेव्हा फुलाबाईंनी विचारलं, "दुसरीकडं न्हाईच म्हणता? मंग हितनं उठवलं तर जायचं कुठं त्यांनी?"

"कुठंच नाही, मावशी."

फुलाबाई कठड्यावर जाऊन बसल्या. त्याच जागी. "कुंडलिक, बादली उचल."

"अवो, मला मासं सोडायचंच हायेत. रिकामी बादली दाखवायला लागती."

"शाळेमागच्या हौदात सोड. डास तिथंच लई हायेत."

"आन ह्ये पानी प्यायचं?"

"गाळून पिऊ. पाण्याचं औषिद घरी हंड्यात घालू."

कुंडलिक पुटपुटला, "डोळं न्हाईत त्यांना. तुमी केलेलं दिसायचंबी न्हाई."

"सर्व्हेवाल्यांना डोळं व्हतं की," फुलाबाई म्हणाल्या. "काय दिसलं त्यांना?"

कुंडलिकने बादली उचलली. जाता जाता त्याने माझ्याकडे बोट केलं. "मंग पानी गाळाया हिलाच ठिवा."

"ही नगं," फुलाबाई म्हणाल्या. "हिला च्याचा वास येतो."

आता मी कॉलेजात एका खिळ्यावर लटकते. नवीन मुलं मला फडकं समजून बाक पुसायला घेतात. पुसा, माझी तक्रार नाही. मागणं एवढंच आहे, मित्रांनो. विहिरीत काही टाकण्याआधी वाकून विचारा, आत कोण राहतं? उत्तर आलं नाही, म्हणून घर रिकामं समजू नका.

आंबेगाव पाण्याखाली जाण्याआधी फुलाबाईंच्या माहेरच्या विहिरीत कुणी गाळणी सोडली नव्हती.