सुरणाचा कौल

पुडीतले पांढरे दाणे.

खुंटीवर धुतलेली शेरवानी. एक गुंडी कमी.

गोठ्याच्या मोरीशी आपोआप उगवलेला सुरण.

पानाच्या डब्यातला चुना.

अंबरपेठेत बाबाच्या दारी एवढी गर्दी, की टांगे अलीकडेच थांबत. पोलीस ॲक्शनला वर्ष होत आले होते, आणि ज्यांची माणसे त्या धामधुमीत नाहीशी झाली, ते सारे तिथे. बाबाची रीत सोपी. हरवलेल्याच्या नावाने परसात सुरण लावा. शेणखत घालू नका, कौल बाटतो. पान पिवळट पडले की माझा पांढरा अंगारा घाला. "जीता है तो हरा, नै तो पीला," बाबा डोळे मिटून म्हणे. पिवळा कुणाचाच राहत नसे. अख्ख्या हैदराबादेत जणू कुणी मेलेच नव्हते.

भामावहिनींच्या दत्ताचा, एकुलत्या मुलाचा, सुरणही हिरवागार झाला. त्या रोज संध्याकाळी पुन्हा त्याचे ताट घेऊ लागल्या. आता त्याची वाट मोकळी व्हावी म्हणून बाबाने म्हैस मागितली होती. घर तिच्याच दुधावर चाले.

धाकटे दीर एकनाथराव बरकतपुऱ्यातल्या शाळेत विज्ञान शिकवत. ते आले तेव्हा म्हशीच्या शिंगांना हळद लागली होती. त्यांनी वहिनींचा पानाचा डबा तेवढा मागितला. चिमूटभर अंगारा, बोटभर चुना, थेंबभर पाणी. वहिनींनाच तळव्यावर चोळायला लावले.

"हुंगा."

वहिनींनी झटकन मान मागे घेतली. म्हणाल्या, हा तर गोठा.

"गोठाच. हे दुकानातलं नत्राचं खत आहे, चुना लागला की असा वास सोडतं. शेणामुतातही नत्र असतं, म्हणून त्यानं शेण बंद केलं. आधी झाड उपाशी ठेवायचं, मग जेवू घालायचं."

त्यांनी मोरीकडे बोट दाखवले. तो सुरण कुणाच्या नावाचा नव्हता. अंगाऱ्याचा कणही त्याला लागला नव्हता. सगळ्यांत हिरवा तोच.

"म्हणजे पान खोटं, भावजी?"

"पान खरं, वहिनी. कौल खोटा."

वहिनींनी शिंगांची हळद पदराने पुसली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "संध्याकाळी ताटं किती घेऊ?"



झाड स्वतः काय खाल्ले ते सांगते. माणसाचे काय झाले ते नाही. पिवळ्या पानाला खत द्यावे, हरवलेल्याची माणसांत चौकशी करावी, आणि दुःखावर पुडी देणाऱ्याच्या पुडीला आधी चुना लावून पाहावा.

त्या धामधुमीत मुसी नदीकाठी सापडलेल्या प्रेताचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच्या अंगावरची शेरवानी दत्ताची म्हणून वहिनींनी, सुरण लावण्याआधीच, ओळखून घरी आणली होती आणि स्वतः धुतली होती.